रात्रींची राखण आणि झाडावर चढण्याचें सामान

आश्विन-कार्तिकांत नेरे गांवच्या शिवारांत रात्रीं उभें राहिलें, तर एका अंगास हिंजवडीच्या उंच इमारतींचे दिवे झगमगत असतात आणि दुसऱ्या अंगास, कासारसाईकडे, उसाचा व झाडीचा दाट काळोख असतो. आमच्या भाताचें गिऱ्हाईक त्या काळोखांतून येतें. रानडुकरांचा कळप खातो थोडें व तुडवितो फार. चार महिन्यांचें इंद्रायणीचें पीक एका रात्रींत आडवें होतें. म्हणून अनेक शेतकरी बांधावरच्या झाडावर माळा घालून राखण करितात. या राखणदारानें झाडावर काय न्यावें व काय नेऊं नये, हा विषय क्षुल्लक समजून आजवर कोणी त्याचा विचार केलेला दिसत नाहीं. माझ्या मतें तो पिकाच्या किंमतीचा नव्हे, जिवाच्या किंमतीचा विषय आहे.

माळा म्हटला कीं शिकारीची आठवण होते, म्हणून प्रथमच खुलासा करतों. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झालेली आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या कांहीं जनावरांच्या बाबतींत त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखालीं अधिकाऱ्यास लेखी हुकमानें परवानगी देतां येते. तसा कागद हातीं नसतांना बंदूक घेऊन झाडावर बसणें हा गुन्हा आहे. कुंपणांत उघडी वीज सोडणें तर त्याहून वाईट. तिला डुक्कर व शेजाऱ्याचें पोर यांतला भेद कळत नाहीं. आपणांस जनावर मारावयाचें नसून परतवावयाचें आहे. तथापि जुन्या शिकाऱ्यांची एक विद्या आपल्या कामाची आहे, ती म्हणजे निःशब्दपणा. जिम कॉर्बेट यांनीं १९२६ सालीं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तो आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून. त्यांत बंदुकीइतकाच वांटा स्तब्ध बसण्याचा होता.

कोणी म्हणेल, ज्याला शेवटीं आरडाओरडच करावयाची त्याला निःशब्दपणा कशाला? अनुभव उलट आहे. डुकराची दृष्टि मंद, परंतु कान व नाक अत्यंत तीक्ष्ण. संध्याकाळीं लोखंडी शिडी खडखडली, डबा वाजला, कीं माणूस कोठें आहे हें कळप ताडतो व शेताच्या दुसऱ्या टोंकानें शिरतो. रात्रभर एकसारखा वाजणारा डबा तर त्याच्या चार दिवसांत अंगवळणीं पडतो. जो राखणदार गुपचूप चढतो, गुपचूप बसतो आणि कळप बांधाशीं येतांच एकदम उजेड व आवाज करितो, त्याचाच धाक टिकतो.

आतां सामानाकडे वळूं. लोखंडी शिडी नको. ती जड, वाजणारी आणि दंवानें निसरडी. खोडांत खिळे ठोकूं नयेत. झाडास इजा होते आणि खिळे कालांतरानें ढिले पडतात. बांबूची शिडी हलकी असते. ती खोडाला तीन ठिकाणीं सुंभानें आवळून मध्यें गोणपाट घातलें म्हणजे करकरत नाहीं. कोंकणांत माडावर चढण्याचें यंत्र मिळतें. परंतु तें बिनफांद्यांच्या सरळ खोडासाठीं आहे, आंब्या-चिंचेवर त्याचा उपयोग नाहीं. पांघरण्यास प्लॅस्टिकचा कोट नको, तो अंग हलतांच सळसळतो. आपली घोंगडी ऊबदार आणि मुकी असते. पायांत रबरी चपला नकोत. अनवाणी किंवा कापडी बूट घालून चढावें. चढतांना दोन्ही हात मोकळे असावेत; बॅटरी, पाणी, घोंगडी हें सर्व पिशवींत घालून माळ्यावर पोंचल्यावर दोरीनें ओढून घ्यावें. पत्र्याचा डबा शेजारच्या झाडाला टांगून त्याची दोरी आपल्या हातीं ठेवावी, म्हणजे हवा तेव्हांच वाजतो.

हें सर्व सांगण्याचें कारण माझ्या एका शेजाऱ्यांचा अपघात. गृहस्थ पन्नाशीचे, लहानपणापासून झाडावर चढणारे. एका हातांत बॅटरी, खांद्यावर घोंगडी, काखेंत डबा घेऊन जांभळावर चढत असतां ठिसूळ फांदी मोडली आणि ते बारा हात खालीं आले. मांडीचें हाड मोडलें. त्या हंगामीं त्यांचें पीक डुकरांनीं नव्हे, इस्पितळाच्या बिलानें खाल्लें. जांभूळ, शेवगा व उंबर या झाडांवर माळा कधींही घालूं नये. चिंच सर्वांत चिवट. आंबाही चालेल, मात्र फांदी पोकळ नाहीं हें दिवसा ठोकून पाहावें.

आणि तरीही फांदी मोडेलच अशा समजुतीनें वागावें. हिंजवडीच्या इमारतींवर काम करणारे मजूर खांदे, छाती व मांड्या यांस धरणारा पट्टा घालतात, हें आपण रोज येतां-जातां पाहतों. तोच पट्टा राखणदारानें घ्यावा. वजन दीड-दोन किलो, पुण्याच्या बाजारांत मिळतो, त्यावर आय. एस. ३५२१ हा अंक पाहून घ्यावा. केवळ कमरेचा पट्टा पुरत नाहीं. पडतांना सारा भार पोटावर येतो व मनुष्य उलटा होतो. त्याचा पोलादी आंकडा वाजतो, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवावी; मात्र उघडझाप होणारा भाग मोकळा ठेवावा.

दोराविषयीं लोक सर्वांत निष्काळजी आहेत. बाजारांतील निळा-पिवळा चकचकीत प्लॅस्टिकचा दोर उन्हानें कुजतो, गांठ धरीत नाहीं, घासला तर वितळतो. बैलाचा कासराही येथें कामाचा नाहीं. गिर्यारोहक वापरतात तो विणीचा, ११-१२ मिलिमीटर जाडीचा दोर घ्यावा. दिवसा तो बैठकीच्या वर, डोक्याहून उंच असलेल्या भक्कम फांदीला बांधून जमिनीपर्यंत सोडावा. त्यावर सुमारें निम्म्या जाडीच्या दोरीच्या वळ्याचे तीन वेढे घालून तें वळें पट्ट्यास जोडावें. ही गांठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानें १९३१ सालीं प्रसिद्ध केली. हातानें सरकविली तर सरकते, भार पडतांच आवळते, आणि तिचा तिळभर आवाज होत नाहीं. जमीन सोडण्यापूर्वीं ती जोडावी व परत जमिनीला पाय लागेपर्यंत सोडूं नये; बहुतेक माणसें बसलेलीं असतांना नव्हे, चढतां-उतरतांना पडतात. बसल्यावर मधली दोरी ढिली ठेवूं नये. पट्ट्यांत लोंबकळत राहणेंही धोक्याचें असल्यामुळें पाय टेकण्यास एक फांस खिशांत असावा, आणि खालीं हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा. अमेरिकेंत हरणांच्या शिकारीसाठीं झाडाच्या तयार बैठका विकतात. तेथील शिकाऱ्यांच्या अपघातांतही झाडावरून पडणें हें एक मोठें कारण आहे. महाग सामानानें धोका टळत नाहीं. बांधून घेण्याच्या संवयीनें टळतो.

बिबट्या झाडावर सहज चढतो, हेंही विसरूं नये. ज्या उसांत त्याचा वावर दिसला असेल त्याच्या कडेला एकट्यानें माळा मांडणें धाडस नव्हे, अविचार आहे.

पट्टा व दोर यांचा खर्च एकट्या शेतकऱ्यास जड वाटेल, आणि राखण वर्षांतून दोन महिन्यांचीच. म्हणून फवारणीचे पंप जसे सामाईक ठेवतात तसे गांवच्या सोसायटीनें चार पट्टे व चार दोर ठेवावेत, देतांना व घेतांना शिवण आणि दोर तपासावा, आणि ज्या पट्ट्यानें एकदा पडणारा माणूस झेलला तो पुन्हां कोणास देऊं नये. पुण्यांत गिर्यारोहणाच्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांतील एखाद्या जाणत्यास भात निसवण्यापूर्वीं एका रविवारीं बोलावून ती गांठ तरुणांकडून दहा-वीस वेळां घालून घ्यावी, आणि मग डोळे बांधून एकदा.