सही दोघींची हवी

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातील कुमारी मातांबद्दल गेली कित्येक वर्षे लिहिले आणि दाखवले जात आहे. कोलाम आदिवासी पोरींना फसवून निघून गेलेले ठेकेदार, व्यापारी हा त्या बातम्यांचा ठरलेला गाभा. या मातांच्या लेकी आता मोठ्या होत आहेत, आणि बाप शोधणारी मुलगी हा आपल्या माहितीपटकारांना मोहात पाडणारा विषय आहे. मुलगी सज्ञान आहे, संमतिपत्रावर तिची सही आहे, मग अडचण कसली? अडचण अशी की लेकीचा चेहरा दाखवला की तालुक्याला आईही कळते. आई तेव्हा अल्पवयीन असेल आणि गुन्हा नोंदलेला असेल, तर पीडितेची ओळख उघड करू न देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आड येते. नाव न घेताही ओळख पटेल असा तपशील देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावलेच आहे. गुन्हा नोंदलेला नसला, तरी गोष्ट आईचीही असतेच. तिने नाही म्हटले, तर चेहरा दाखवू नये.

यावर कुणी म्हणेल, अशा गुप्ततेने फसवणाऱ्याचेच फावते. त्याचे फावले ते पुराव्याचे ओझे बाईवर राहिले म्हणून, आणि ते ओझे कॅमेऱ्याने हलत नाही. अनौरस अपत्यालाही पोटगी मागता येते, पण न्यायालयात. डीएनए चाचणीचा आदेशही न्यायालये सहजासहजी देत नाहीत. दारात गाठलेल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर कानावर हात ठेवले, की आपल्याला जोरदार प्रसंग मिळतो. मुलीला काहीच नाही. दिग्दर्शिका सारा पोलीच्या, स्वतःच्या जन्मदात्याच्या शोधावरील ‘स्टोरीज वी टेल’ (२०१२) या माहितीपटाचा दाखला इथे गैरलागू आहे. तिथे शोधही तिचा होता आणि चित्रपटही तिचाच.

शिवाय बापाचा शोध नेहमी मनातूनच सुरू होतो, हे आपण गृहीत का धरावे? अनेकदा तो सरकारी कार्यालय घ्यायला लावते. सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावण्याची महाराष्ट्राची सक्ती १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. या लेकी त्याआधीच्या. जात पडताळणीत वडिलांकडच्या नात्यातले पुरावे मागतात. आईच्या समाजात वाढल्याचे सिद्ध करून तिची जात लावता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मान्य केले असले तरी ते सिद्ध करण्याच्या चकरा मुलीच्याच वाट्याला येतात. त्या चकरांवर पूर्ण लांबीचा माहितीपट होऊ शकतो, आणि त्याला अर्ज, खिडकी, त्रुटी काढून परत आलेली फाईल आणि चेहरा न दाखवता ऐकवलेला मुलीचा आवाज एवढे पुरते.