सूत्र नंतर, आधी धुऱ्यानं एक चक्कर



आज परिमिती या घटकाबद्दल थोडं लिहितो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाचवीला गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी परिमितीचा घटक मी दोन तासिकांत संपवला होता. फळ्यावर आयत काढला, सूत्र लिहिलं: आयताची परिमिती = २ × (लांबी + रुंदी). दहा उदाहरणं सोडवून घेतली. चाचणीत बहुतेक मुलांना चांगले गुण पडले. मीही खूश, पालकही खूश.

त्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी वही घेऊन आली. घरी वावराला तारेचं कुंपण करायचं होतं. आमच्याकडे रोही आणि रानडुकरांनी किती नुकसान होतं ते शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. बापानं तिला म्हटलं होतं, तू शाळेत शिकली ना, मग सांग तार किती लागते. पोरीनं वावराचं चित्र काढून आणलं होतं. वावर पाच बाजूंचं.

"सर, याच्यात लांबी कोनती धरू अन् रुंदी कोनती?"

मी घाईत होतो. म्हटलं, "सगळ्यात मोठी बाजू लांबी धर, तिच्या शेजारची रुंदी धर. अंदाज येऊन जाईल." मोठी बाजू ३४० फूट, शेजारची २१५ फूट. पोरीनं तिथंच गणित केलं: २ × (३४० + २१५) = १११० फूट. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. "सर, आज्यानं धुऱ्याधुऱ्यानं दोर लावून मोजलं. ११८० भरलं." तिच्या आज्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यानं पाचही धुरे मोजले: ३४०, २१५, २६०, १८० आणि १८५. बेरीज केली. बस.

माझ्या उत्तरात ७० फूट कमी होते. माझ्या हिशोबानं तार आणली असती तर ७० फुटांचं खिंडार राहिलं असतं. रानडुक्कर काही सूत्र पाहून आत येत नाही, त्याला खिंडार दिसलं की झालं.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. पोरीला परिमिती येत नव्हती असं नाही, मीच तिला परिमिती शिकवली नव्हती. मी आयताचं सूत्र शिकवलं होतं. परिमिती म्हणजे काय? कडेकडेनं चालत एक पूर्ण चक्कर मारली तर किती अंतर होतं, ते. आकृतीला तीन बाजू असोत की पाच की अकरा, सगळ्या बाजूंची बेरीज. आयताचं सूत्र हा या बेरजेचा जवळचा रस्ता आहे, कारण आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात. मूळ रस्ता माहीत नसलेल्या पोराला जवळचा रस्ता दाखवला की ते चुकतंच.

म्हणून माझं आता स्पष्ट मत झालं आहे: प्राथमिक वर्गात परिमितीचं सूत्र पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नये. ते मुलांना आपणहून सापडेपर्यंत थांबावं.

आता मी पहिल्या तासिकेला फळ्याकडे जातच नाही. सुतळीचा गुंडा आणि मोजपट्टी घेऊन पटांगणावर जातो. फक्कीनं वाकडेतिकडे आकार आखतो: त्रिकोण, पाच बाजूंचा, एखादा खाच पडलेला. पोरं कडेनं चालतात, सुतळी लावतात, मोजतात. मग आयत येतो. दोन बाजू मोजल्यावर एखादं पोरगं म्हणतंच, "सर, इकडची काहून मोजू? तिकडच्याएवढीच तर आहे." सूत्र त्या वाक्यातच आहे. मी फक्त ते फळ्यावर लिहितो.

दुसरी चूक आपण सगळेच करतो. परिमिती आणि क्षेत्रफळ एकामागोमाग शिकवतो आणि दोन्हींचा गोंधळ पोराच्या डोक्यात आयुष्यभर राहतो. मोठ्या माणसांच्याही राहतो. "एक एकराला इतकी तार लागली, म्हणजे दोन एकराला दुप्पट" असं पारावर किती वेळा ऐकलं असेल! एकर मोजतो जमीन, तार मोजते कड. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

हे वर्गात दाखवायला खर्च शून्य आहे. पुठ्ठ्याचे ४० सारखे चौकोनी तुकडे कापा. प्रत्येक तुकडा म्हणजे एक गुंठा, ३३ फूट बाय ३३ फूट. ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता पोरांना सांगा, या एका एकराचे वेगवेगळे आयत करा. ८ बाय ५ मांडला तर कड २६ तुकड्यांची, म्हणजे ८५८ फूट. १० बाय ४ मांडला तर ९२४ फूट. २० बाय २ मांडला तर १४५२ फूट! जमीन तितकीच, एक गुंठाही कमीजास्त नाही. पण कुंपण ५९४ फुटांनी वाढलं. तारेचे तीन पदर असतील तर १७८२ फूट तार जास्त.

हा खेळ झाल्यावर एका मुलानं विचारलं, "सर, म्हणून वाटणीत लांब पट्टे पाडले तं खर्च वाढते का?" भावाभावांत वाटणी होताना वावराचे उभे पट्टे पडतात, हे त्यानं घरी पाहिलेलं. हो बाळा, म्हणून वाढतो. असा प्रश्न मला दहा उदाहरणं सोडवून कधीच मिळाला नव्हता.

आता वर्तुळाकडे येऊ. वर्तुळाला बाजूच नाहीत, मग बेरीज कशाची करायची? इथं तर आपण सरळ शरण जातो आणि २२/७ पोरांच्या हाती देतो. कुठून आलं, काहून आलं, कोणी विचारत नाही.

सातवीच्या वर्गासोबत मी एक तासिका केली. प्रत्येकानं घरून गोल वस्तू आणायची. सुतळी वस्तूभोवती घट्ट गुंडाळायची, मोजायची. मग मधून आडवं अंतर, म्हणजे व्यास मोजायचा. बांगडी: व्यास ६ सेमी, परीघ १९. डब्याचं झाकण: १४ आणि साडेचव्वेचाळीस. परात: ४२ आणि १३१. माझ्या सायकलचं चाक: ६६ आणि २०८. मग भागाकार. प्रत्येक वेळी उत्तर तीनच्या थोडं वर. एका गटाचं उत्तर ३.४ आलं तेव्हा बाकीची पोरंच म्हणाली, "तुमची सुतळी ढिली होती." पुन्हा मोजलं, जागेवर आलं. बांगडी असो की चाक, परीघ म्हणजे व्यासाची तीनपट आणि वर थोडं, हे पोरांच्या हातांनी शोधलं.

ते "वर थोडं" किती महत्त्वाचं असतं हे बैलबंडीच्या चाकावरून सांगावं. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, तापवतात, ती प्रसरण पावली की चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती आवळते आणि चाक घट्ट धरते. समजा चाकाचा व्यास चार फूट आहे. नुसतं "तीनपट" धरून धाव कापली तर बारा फूट होईल. खरा परीघ साडेबारा फुटांहून थोडा जास्त. म्हणजे धाव जवळपास सात इंच तोकडी! आणि लोखंड कितीही लाल केलं तरी एवढ्या लांबीला एखाद इंच वाढतं. पट्टी वाया. म्हणून कसबी माणूस आधी चाकाचा पूर्ण एक फेरा मोजतो, मगच छन्नी लावतो.

आपल्या जुन्या गणितींनाही हे थोडं-वर पुरतं ठाऊक होतं. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास हे गुणोत्तर ३.१४१६ येईल असा नियम दिला आणि ते "आसन्न", म्हणजे जवळपासचं आहे हेही सांगितलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि रोजच्या व्यवहारासाठी २२/७ सांगितलं. २२/७ हे कामापुरतं आहे, अचूक नाही, हे आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे. आपल्या वर्गात मात्र अनेकदा ते सांगायचं राहून जातं.

आणि हे फक्त गुणांपुरतं नाही. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत गोल मैदानावर सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करून पूर्ण फेरीची शर्यत लावली, तर एक मीटर बाहेरच्या पट्ट्यातलं पोरगं फेरीत सहा मीटरहून जास्त धावतं. मैदान लहान असो की मोठं, फरक तेवढाच, कारण त्रिज्या एक मीटरनं वाढली की परीघ २ × ३.१४ मीटरनं वाढतो. बाहेरचं पोरगं हरतं आणि आपण त्याला म्हणतो, जोर कमी पडला.

काही शिक्षक मित्र म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा? शिष्यवृत्तीची तयारी, ऑनलाइन माहिती, नाना कामं. खरं आहे, मीही त्यातच आहे. माझ्या पद्धतीला दोन तासिका जास्त लागतात. पण आधी सूत्र दिलं तेव्हा तोच घटक मी वर्षातून तीनदा उजळणीला घेत होतो. हिशोब तुम्हीच करा. आणि सूत्र नकोच असं माझं म्हणणं नाही. सूत्र पाहिजे, पण पायानं चक्कर मारून झाल्यावर.

पालकांना एक विनंती. संध्याकाळी पोराला "सूत्र पाठ झालं का?" असं विचारू नका. त्याऐवजी हाती सुतळी द्या. खाटेची कड मोजायला लावा, चुलीवरच्या तव्याला किती सुतळी लागेल ते आधी अंदाजानं सांगायला लावा. वावरात नेलंत तर धुऱ्यानं एक चक्कर मारून पावलं मोजू द्या. सहलीला लोणारला गेलात तर विचारा: या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, काठानं पूर्ण फेरी मारली तर किती चालावं लागेल? पोरगं "साडेपाचच्या वर" म्हणालं तर समजा, त्याला परीघ कळला.

त्या पोरीच्या घरचं कुंपण आज्याच्या मापानं झालं. खिंडार राहिलं नाही. यंदा घटक सुरू करताना मी त्या आज्याला शाळेत बोलावलं होतं. त्यानं पोरांना दोर कसा ताणून धरायचा, कोपऱ्यावर खुंटी कशी ठोकायची ते दाखवलं. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो.