विषुववृत्ताजवळची शाळा आणि घरून निघणारी बॅग

सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या घरातून पंधरा वर्षांची मुलगी सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत निघते, तेव्हा प्रवेशाचा आनंद घरात जेमतेम आठवडाभर टिकतो. त्यानंतर बॅगेचा विषय सुरू होतो. शाळेकडून आलेली यादी दीड पानाची असते. तिच्यात आई भर घालते, आजी घालते, पुण्याहून मावशी दूरध्वनीवरून घालते, आणि निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेवर बसून चेन लावावी लागते. शाळेच्या यादीत गरज असते. घरच्या यादीत बहुतांशी काळजी असते. काळजी वाईट नव्हे, पण विमान कंपनी तिचेही वजन करते.

प्रथम हवामान नीट समजून घेतले, तर निम्मी बॅग आपोआप रिकामी होते. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या 137 किलोमीटरवर आहे. दिवसाचे तापमान वर्षभर 31 ते 33 अंशांच्या घरात राहते आणि रात्री ते 24 अंशांच्या खाली क्वचितच उतरते. हिवाळा नाही, उन्हाळाही वेगळा नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांहून अधिक असते. पाऊस वर्षाकाठी 2000 मिलिमीटरच्या वर पडतो. महाबळेश्वर पाहिलेल्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. परंतु आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, तेथे तो बाराही महिने येत राहतो, बहुधा दुपारी, गडगडाटासह, तासाभरात मोकळा होणारा.

म्हणून तेथे खरा प्रश्न उकाड्याचा नसून वाळण्याचा आहे. जाड टर्किश टॉवेल वसतिगृहाच्या खोलीत दोन दिवस ओलसर राहतो आणि कुबट वास धरतो. आपला साधा सुती पंचा तेथे सर्वांत शहाणा ठरतो. असे चार पंचे एका टॉवेलच्या जागेत मावतात. जीन्स दोनपेक्षा अधिक नकोत. अंतर्वस्त्रे आणि पायमोजे मात्र दहा-बारा जोड असावेत, कारण कपडे धुलाईला देण्याचे वार ठरलेले असतात आणि घामाला वार नसतो. प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवावी. धुलाईच्या शाईने लिहिलेले नाव काही महिन्यांत पुसट होते, दोऱ्याने शिवलेली पट्टी कापडाइतकी टिकते. रेनकोटात पावसापेक्षा घामानेच अधिक भिजायला होते, तेव्हा घडीची बळकट छत्री बरी.

पादत्राणांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. कातडी बूट आणि पट्टे जैन घरांत पुष्कळदा आधीच वर्ज्य असतात. तेथील हवाही कातड्याला मानवत नाही. कपाटात महिनाभर पडून राहिलेल्या बुटावर हिरवट बुरशी धरते. पण कृत्रिम बूटही निर्धोक नाहीत. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत पाण्याशी संयोग पावून हळूहळू विघटित होतो, आणि गंमत अशी की न वापरता खोक्यात ठेवलेला जोड आधी भुगा होतो. समारंभासाठी म्हणून जपून ठेवलेले नवे बूट नेमके समारंभाच्या दिवशी तळ सोडतात. त्यामुळे नव्या बुटांचे दोन जोड साठवून देण्यात अर्थ नाही. एक जोड रोज वापरावा आणि दुसरा लागेल तेव्हा तेथेच घ्यावा. शिलकीतील बूट, ठेवीप्रमाणे, पडून राहिल्याने वाढत नाहीत.

विषुववृत्ताजवळ जाताना स्वेटर घ्यावा, हे ऐकून आजी तेवढी सुखावते. तेथील वर्ग, वाचनालये, मेट्रो, दुकाने वातानुकूलित असतात, आणि तेही चांगलेच गार. बाहेर 32 अंशांत घामाघूम झालेले मूल थेट त्या गारव्यात जाऊन बसते. एक पातळ स्वेटर दप्तरात कायम असावा. लोकरी कोट, कानटोपी, जाड रजई यांना मात्र पूर्ण सुट्टी. अंथरूण-पांघरूण शाळा देते का, हे विचारून घ्यावे. देत असली तरी आजीच्या जुन्या सुती साडीची, एका पदराची पातळ गोधडी न्यायला हरकत नाही. ती रात्री वातानुकूलित खोलीत उपयोगी पडते, लवकर वाळते, आणि पहिल्या पंधरवड्यात तिला घराचा वास असतो. बॅगेत जिला उपयोग आणि माया या दोन्ही कारणांनी जागा द्यावी, अशी ही बहुधा एकच वस्तू.

आता खाण्याचा भाग. येथे घरातील प्रेम सर्वाधिक उफाळते आणि चुकाही येथेच होतात. करंजीच्या सारणात खसखस घालण्याची आपली जुनी रीत आहे. अनरशावर ती असतेच. अनेक घरांच्या काळ्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. सिंगापुरात खसखस निषिद्ध आहे. ती अफूच्या बोंडातून येते आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून तेथील अमली पदार्थ विभाग ती प्रतिबंधित मानतो. आपल्या वाणसामानाच्या यादीत निरुपद्रवीपणे बसलेला हा जिन्नस तेथील विमानतळावर निरुपद्रवी राहत नाही. करंजीचा दुसरा घटक म्हणजे सुके खोबरे. त्याच्या अख्ख्या वाट्या तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात, आणि त्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. म्हणून डबा भरण्यापूर्वी आजीजवळ बसून प्रत्येक पदार्थात काय काय घातले आहे, हे विचारावे. आजीला राग येत नाही, विचारल्याचे बरेच वाटते. खसखशीवाचून करंजी होते, आणि चांगली होते.

बाकी सेरंगून रस्त्यावरील लिटल इंडियात तूरडाळ, पापड, शेंगदाणे, रवा, अगरबत्ती, सगळे मिळते. जे तेथे दहा मिनिटांत विकत मिळते, ते येथून तीन किलो वाहून नेणे हा हिशेब जमत नाही. मिळत नाही ते घरचे, म्हणजे लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, आपल्या भट्टीच्या चुरमुऱ्यांचे भडंग, मेतकूट. हे थोडे, घट्ट झाकणाच्या लहान डब्यांतून द्यावे. मोठा डबा एकदा उघडला, की त्या दमट हवेत चार दिवसांत सादळतो आणि मुंग्यांना त्याचा पत्ता लागतो. लोणच्याची बरणी कपड्यांच्या बॅगेत घालण्याचे धाडस ज्यांनी केले आहे, ते पुन्हा करत नाहीत.

जैन घरांतील मुलांसाठी आणखी एक गोष्ट डब्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. यांपैकी बहुतेक शाळांचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि पर्युषण व दशलक्षण पर्व ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात. म्हणजे नवी खोली, नवी भाषा, नवे सोबती अशा पहिल्याच काही आठवड्यांत उपवासाचा आणि नियमांचा प्रश्न उभा राहतो. निघण्यापूर्वी वसतिगृहप्रमुखांना इंग्रजीत एक पानाचे स्वच्छ पत्र द्यावे: अंडे, मासा, जिलेटिन चालत नाही; कांदा, लसूण, बटाटा आदी कंदमुळे चालत नाहीत; पर्वाच्या तारखा या; मूल उपवास करील तर पाणी कधी घेईल; सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असल्यास तेही. सिंगापुरात सूर्य वर्षभर सायंकाळी सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे भोजनगृहाची वेळ एकदा विचारून घेतली की वर्षाची सोय होते. या पत्राची प्रत मुलीजवळ असावी आणि त्यातील प्रत्येक ओळ तिला स्वतःच्या शब्दांत सांगता यावी. घरात ‘आपण खात नाही’ एवढ्यावर भागते. तेथे तिला रोज कोणीतरी, बहुधा निखळ कुतूहलाने, ‘का?’ असे विचारणार आहे. आणि नियमांपैकी कोणते तेथे पाळायचे, कोणते शक्य तेवढे, हे तिच्याशी बोलून घरातच ठरवावे; ते तिच्या एकटीच्या मनावर सोडून तिला विमानात बसवू नये.

औषधांचा डबा शक्य तेवढा लहान असावा. स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतचा साठा नेता येतो. तो मूळ वेष्टनात असावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव व मुलीचे पारपत्रावरील नाव असावे. झोपेच्या किंवा मनःशांतीच्या गोळ्या आणि ठरावीक प्रमाणापुढील कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांना तेथील आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची परवानगी आधीच घ्यावी लागते. लेबल नसलेल्या चूर्णाच्या पुड्या आणि साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या कुप्या यांनी तपासनीसाची परीक्षा पाहू नये. डासांसाठीचे मलम मात्र हाताशी हवे; डेंग्यू तेथेही आहे. च्युइंगमच्या आयातीवर 1992 पासून बंदी आहे, आणि ई-सिगारेट तर बाळगणेही गुन्हा आहे.

यालाच जोडून एक नाजूक बाब येते. मुलगी जाणार म्हटल्यावर शेजारच्या काकू येतात आणि म्हणतात, “अगं, जातेच आहेस तर एवढा डबा आमच्याकडच्यांना नेऊन दे.” आपल्याकडे नाही म्हणणे जड जाते. परंतु सिंगापूरचा अमली पदार्थांविषयीचा कायदा जगातील अत्यंत कठोर कायद्यांपैकी आहे. व्यापाराच्या गुन्ह्यात तो देहदंडापर्यंत जातो. काकूंच्या डब्यात बहुधा चकल्याच असतील. तरीही दुसऱ्याने बांधलेली, आपण न भरलेली कोणतीही वस्तू अल्पवयीन मुलीच्या हाती देऊ नये. हा नकार मुलीला द्यायला लावू नये. तो वडिलांनी द्यावा आणि वाईटपणाही वडिलांनीच घ्यावा.

विजेच्या वस्तूंचे गणित सोपे आहे. दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट, फक्त प्लग तीन चौकोनी दांड्यांचा, त्यामुळे दोन अडॅप्टर पुरतात. पाणी तापवण्याची कांडी आणि विजेची किटली वसतिगृहांत सहसा चालत नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून एक चांगली बाटली पुरे. पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवावी लागते.

हातातील बॅगेत कागदांची एक फाईल असते: पारपत्र, विद्यार्थी परवान्याचे तत्त्वतः मंजुरीपत्र, लसीकरणाची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या, आहाराचे पत्र. आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. पैशांपैकी नोटा थोड्याच द्याव्यात. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात 3000 डॉलरपर्यंत नेता येत असल्या, तरी पंधरा वर्षांच्या मुलीला शंभर-दोनशे सिंगापूर डॉलरपलीकडे रोख लागत नाही. उरलेले कार्डावर ठेवावेत. शुल्क पालकांनी आपल्या पॅनवर उदारीकृत विप्रेषण योजनेतून थेट शाळेला पाठवणे सुटसुटीत पडते. योजनेची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आणि वर्षात 10 लाख रुपयांपुढील रकमेवर टीसीएस घेतला जातो. रक्कम वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असेल तर तो लागत नाही. लागलाच तर विवरणपत्रात वळता होतो, फक्त तोवर तेवढे पैसे अडकतात. बॅगेच्या धांदलीत ही तजवीज शेवटच्या दिवसावर जाते, आणि बँकेत फॉर्म भरायला उभे राहावे लागते ते नेमके निघण्याच्या सकाळी.

बॅग मुलीने स्वतः भरावी. आईने शेजारी बसावे, सुचवावे, पण हात तिचेच असावेत, आणि यादीही तिच्याच अक्षरात असावी. रात्री अकराला परक्या खोलीत, शेजारची मुलगी झोपलेली असताना, डासांचे मलम कोणत्या कप्प्यात आहे हे तिला अंधारातही सापडले पाहिजे. तत्पूर्वीच्या आठवड्यात तिने घरी चार कपडे धुऊन, एक गुंडी लावून, एक नावपट्टी शिवून पाहावी. तिरकी शिवली गेली तरी चालते.

अशा शाळांत आपल्या देशाचा पोशाख घालण्याचे एक-दोन दिवस येतात. त्यासाठी जरीचे जड वस्त्र नको. इचलकरंजीच्या सुती कापडाचा एक चांगला सलवार-कुडता पुरतो, आणि तो एरवीही घालता येतो. एवढे भरून झाल्यावर बॅगेचा पाव भाग रिकामा राहिला पाहिजे. डिसेंबरच्या सुटीत ती घरी येईल तेव्हा न लागलेल्या वस्तू परत घेऊन येईल, आणि त्या पलंगावर मांडल्या, की धाकट्या भावाची यादी अर्धी तयार होते.