सरकारी कार्ड, पावती आणि बदनामी

अमेरिकेच्या केंद्र सरकारातले कर्मचारी किरकोळ खरेदीसाठी सरकारी क्रेडिट कार्ड वापरतात. टोनर, टायर किंवा औषधांसाठी दरवेळी निविदेचा घोळ नको, एवढाच त्यामागचा हेतू. १९९६ मध्ये या कार्डांवर ३ अब्ज डॉलरची खरेदी झाली. २००६ पर्यंत ती १७.७ अब्जांवर गेली.

२००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने, म्हणजे 'जीएओ'ने, या कार्डांवर अहवाल दिला. वनखात्यातल्या एका कर्मचारी महिलेने सहा वर्षांत जोडीदाराच्या नावे धनादेश फाडून ६ लाख ४२ हजार डॉलर लांबवले होते. टपाल खात्यातल्या एकाने डेटिंग साइटचं शुल्क सरकारी कार्डावर भरलं होतं. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. जुलै २००५ ते जून २००६ मधल्या व्यवहारांतून यादृच्छिक नमुना काढला, तेव्हा सुमारे ४१ टक्के व्यवहार दोन साध्या कसोट्यांपैकी एकीवर तरी नापास झाले. खरेदीला योग्य मंजुरी होती का? आणि माल आल्याची खात्री खरेदी करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी केली का? अडीच हजार डॉलरवरच्या खरेदीत हे प्रमाण ४८ टक्के होतं.

तरुण मित्रांनो, इथे थोडं थांबू या. डेटिंगचं प्रकरण संशयास्पद नोंदी मुद्दाम शोधून सापडलं. ४१ टक्के मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काढलेल्या नमुन्यातून आले. पहिल्यावरून चोरी शक्य आहे एवढंच कळतं, ती किती पसरली आहे ते कळत नाही. दुसऱ्यावरून नियंत्रण किती ढिलं आहे ते कळतं, पण ४१ टक्के लोक चोर होते असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. सही नसणं वेगळं, पैसे खाणं वेगळं. चार निवडक उदाहरणं पुढे करून सगळ्यांवर शिक्का मारणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून यातली आतली बाजू सांगतो. संशयास्पद नोंदी शोधणारा प्रोग्रॅम फार हुशार नसतो. एकाच दुकानात एकाच दिवशी मर्यादेच्या किंचित खालची दोन बिलं, रविवारची खरेदी, दागिन्यांच्या दुकानाचा सांकेतिक क्रमांक, असं काही दिसलं की तो नोंद बाजूला काढतो. रविवारी सरकारी दवाखान्यातला पाइप फुटला असेल, हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे यादी हा तपासाचा आरंभ असतो, निकाल नव्हे. यादीतलं नाव फिरायला लागलं की त्या कारकुनाची अब्रू गेली, मग फाइलमध्ये पावती सापडो वा न सापडो.

२०१२ मध्ये अमेरिकेने या कार्डांच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला. २०१७ च्या अहवालात जीएओला छोट्या खरेदीत अफरातफरीचे पुरावे फारसे सापडले नाहीत, अपुरी कागदपत्रं मात्र सापडली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश निघाला आणि बहुतेक कार्डं ३० दिवसांसाठी गोठवली गेली. अनेकांची मर्यादा एक डॉलरवर आणली. माझ्या मते हे लेखापरीक्षण नव्हे. प्रत्येक पावती पाहण्याचा कंटाळा आला, म्हणून दुकानच बंद केलं.

आपल्याकडे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतला नियम १५७ हेच सांगतो: वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत. गल्लीतल्या गटारापासून शाळेतल्या बाकांपर्यंत हे तुकडे कसे पडतात, ते कोणत्याही नगरसेवकाला विचारा. सार्वजनिक पैसा अमानत आहे असं आपण म्हणतो, पण अमानतीचा हिशोब मागायला किती जण जातो?

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि कलम २(जे)नुसार कागदपत्रं प्रत्यक्ष पाहताही येतात. अर्जात 'भ्रष्टाचाराची माहिती द्या' असं लिहू नका. एक कार्यालय आणि एक महिना निवडा. त्या महिन्यातली सगळी बिलं, मंजुरीचा कागद आणि माल ताब्यात घेतल्याची साठा नोंदवहीतली नोंद मागा. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून तारखा जुळतात का, ते बघा.