दुरुस्तीमागचे कारण : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची फेरफार नोंदवही

१/ जुना हस्तलिखित सातबारा पाहिलेल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. जमीन विकली गेली किंवा खातेदार निवर्तला, तरी त्याचे नाव कागदावरून नाहीसे होत नाही. त्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. सॉफ्टवेअरच्या जगातही असेच कंस असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते वाचायला शिकले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा. 🧵

२/ प्रथम आपल्या ओळखीचा कागद पाहू. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडावी. तलाठ्याने नोंद घेतलेली असते, हितसंबंधितांना नोटीस गेलेली असते, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केलेली असते. बदल कोणी केला, केव्हा केला, काय बदलले आणि का बदलले (खरेदीखत, वारसाहक्क, वाटणी), या चारही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. यवतमाळ जिल्ह्यात काय किंवा अन्यत्र काय, शेतीच्या वादात हीच नोंद प्रथम शोधली जाते.

३/ आता सॉफ्टवेअरकडे वळू. ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. जगभरातील माणसे त्यातील दोष काढतात, भर घालतात. अशा प्रत्येक नोंदवलेल्या बदलाला ‘कमिट’ म्हणतात. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ हे साधन निर्माण केले. बदल कोणाच्या नावावर, कोणत्या क्षणी आणि कोणत्या ओळींत झाला, हे गिट आपोआप जपते. चौथ्या प्रश्नाचे, ‘का’चे, उत्तर मात्र माणसालाच लिहावे लागते.

४/ या नोंदी दोन प्रकारच्या असतात. पहिली कमिटांची अखंड मालिका. दुसरी ‘चेंजलॉग’, म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत वाचकांसाठी निवडून लिहिलेला बदलांचा गोषवारा. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पहिले दफ्तर, दुसरी बखर. दफ्तरात सारे असते, पण अर्थ लावावा लागतो. बखरीत अर्थ असतो, पण निवड लिहिणाऱ्याची असते. एकाची पडताळणी दुसऱ्यावरून करावी, हा नियम येथेही लागू आहे.

५/ एक उदाहरण. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत प्रणालीत ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. समोरच्या संगणकाने सांगितलेली लांबी न तपासताच उत्तर पाठवले जात होते. त्यामुळे स्मृतीतील गुप्त मजकूर बाहेर पडू शकत होता.

६/ नोंदी उघड्या असल्यामुळे या दोषाचे चरित्र दिनांकांसह लिहिता येते. ३१ डिसेंबर २०११ रोजी तो कोडमध्ये शिरला, १४ मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेला आणि दोन वर्षांनी दूर झाला. दुरुस्तीच्या कमिटमध्ये दोष काय होता, त्यातून किती स्मृती उघडी पडू शकते, तो कोणी शोधला आणि दुरुस्ती कोणी सिद्ध केली, हे सारे थोडक्या ओळींत आहे. इतके नेटके अस्सल साधन राजकीय इतिहासातही क्वचितच हाती लागते.

७/ मराठी परंपरेत याला पूर्वसूरी आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. पाठांतरांमुळे मूळ शुद्ध ग्रंथात अशुद्धी शिरली म्हणून आपण तो शोधला, असे त्यांनी अखेरीस शकासह नोंदवले आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, असेही बजावले. कोणी, केव्हा, का : तीन उत्तरे मिळाली. कोणत्या ओळी बदलल्या, हे मात्र त्या नोंदीत नाही.

८/ त्या एका उत्तराच्या अभावी अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एका पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि त्या पाठाच्या प्राचीनतेवर दीर्घ वाद झाला. एकनाथांचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न केवळ नोंदीचा आहे.

९/ दुसरी वाट आपल्या विदर्भातली. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत लुटली गेली आणि अनुयायांनी स्मरणातून संहिता पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरणे जुळली नाहीत तेथे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून नोंदले गेले, कित्येकदा सांगणाऱ्याच्या नावासह. गिट येण्यापूर्वी कितीतरी शतके मराठी लेखनिकांनी मतभेद पुसण्याऐवजी जपून ठेवला होता.

१०/ आता आपल्या रोजच्या टंकलेखनातला दोष पाहा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाला ती भिन्न आहेत. म्हणून जुन्या फायलीतली ‘अ‍ॅड.’ ही वकिलांची पदवी नव्या ‘ॲड.’च्या शोधात सापडेलच, याची खात्री नसते. आवृत्तीची नोंद ठाऊक असलेला संशोधक दोन्ही रूपे शोधतो.

११/ हे काहीसे आपल्या जिल्ह्याच्या नावासारखे आहे. १९०५ पूर्वीच्या इंग्रजी कागदांत यवतमाळ जिल्हा शोधणाऱ्याला ‘वून’, म्हणजे वणी, हे नाव ठाऊक हवे. नामांतराची नोंद हरवली, तर कागद जागेवर असूनही सापडत नाही.

१२/ आक्षेप येईल : हे प्रकल्प बहुधा स्वयंसेवक चालवतात, प्रत्येक स्वल्पविरामाचे कारण लिहिण्यास त्यांना वेळ कोठून असणार? आक्षेप रास्त आहे. स्वल्पविरामाला कारण नको. पण वागणूक बदलणाऱ्या दुरुस्तीखाली ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिणे, म्हणजे फेरफाराच्या रकान्यात ‘बदल केला’ असे लिहून नोंदवही मिटणे होय. लिहिणाऱ्याची वाचलेली दोन मिनिटे पुढच्या माणसाचे दोन दिवस घेतात.

१३/ आणि नोंद असली म्हणजे ती खरीच, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत साधनात हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणला. त्याला चालना देणारा कळीचा तुकडा सार्वजनिक गिट-नोंदींत नव्हताच. तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. दफ्तरात एक आणि बाजारात दुसरेच! साधनचिकित्सेची सवय असलेल्याला हा प्रकार नवा वाटू नये.

१४/ म्हणून दोन विनंत्या. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मित्रांनो, ‘का’ लिहा. तुमचा वाचक कदाचित अजून जन्मलेला नाही. आणि इतिहासप्रेमींनो, जुने मराठी ग्रंथ आज घाईने संगणकावर चढत आहेत आणि त्यांतले शब्द वाटेत मुकाट्याने ‘सुधारले’ जात आहेत. तुम्ही एखादा ग्रंथ टंकित करत असाल, तर मूळ पाठ कंसात राहू द्या आणि शेजारी कोणी, केव्हा, काय, का एवढे लिहा. सातबाऱ्यावर मिळते तेवढी वागणूक ग्रंथालाही मिळायला हवी.

(धागा समाप्त. अशा नोंदींची आणखी मराठी उदाहरणे ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहावीत.)