पतगुणांक आणि ऋणकोचा हक्क

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही आणि विचारताही येत नाही, त्याला तो कागद जाळण्याखेरीज दुसरा मार्ग दिसला नाही. पुढे १८७९ च्या कायद्याने दख्खनमधील शेतकरी ऋणकोस पावती मागण्याचा आणि दरसाल हिशेबाचा उतारा मिळविण्याचा हक्क दिला. सावकारी त्यामुळे संपली नाही. परंतु खतावणी ही केवळ धनकोची खासगी बाब नव्हे, हे तत्त्व मान्य झाले.

या तत्त्वाची आठवण आज पगारदार मध्यमवर्गानेही ठेवावयास हवी. त्याच्या कर्जाची खतावणी आता गावच्या पेढीवर नसून पतमाहिती कंपन्यांच्या संगणकांत आहे. ‘सिबिल’ या नावाने परिचित असलेली संस्था २००० साली स्थापन झाली आणि २००५ च्या कायद्याने या व्यवसायास चौकट मिळाली. आज अशा चार कंपन्या देशात आहेत. कर्जदाराच्या परतफेडीचा इतिहास ३०० ते ९०० यांमधील एका आकड्यात सांगितला जातो आणि ७५० च्या वरचा आकडा सामान्यतः चांगला समजला जातो.

हा आकडा म्हणजे श्रीमंतीचे माप, हा समज चुकीचा आहे. वेतन किंवा बँकेतील ठेव यांचा त्यात थेट विचार होत नाही. हप्ते वेळेवर भरले गेले काय, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते, कर्जव्यवहार किती जुना आहे, तारणी व विनातारणी कर्जांचे प्रमाण काय आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, या बाबी त्यात मोजल्या जातात. म्हणूनच आयुष्यात कधीही कर्ज न काढलेल्या काटकसरी शिक्षकाला गुणांकच नसतो. केवळ कर्जाचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून प्रथम कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे.

या आकड्याची किंमत मात्र रोखीने मोजावी लागते. अनेक बँका गृहकर्जाचा दर त्यावर ठरवितात. तीस लाखांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जावर साडेआठऐवजी नऊ टक्के व्याज लागले, तर मासिक हप्ता सुमारे ९५७ रुपयांनी वाढतो आणि मुदतीअखेर जवळजवळ २ लाख ३० हजार रुपये अधिक जातात. परिणाम तेवढ्यावरच थांबत नाही. प्रतिकूल कर्जइतिहासामुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. शैक्षणिक कर्ज घेऊन बँकेच्या नोकरीची आस धरणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घेतलेली बरी.

गुणांक सांभाळण्याची युक्ती गुंतागुंतीची नाही. कार्डाची किमान रक्कम भरल्याने थकबाकीचा शेरा टळतो, पण उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढत राहते. म्हणून देयक पूर्ण भरावे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे. तडजोडीने मिटविलेले कर्ज आणि पूर्ण फेडलेले कर्ज यांची नोंद वेगवेगळी होते, हे ध्यानात ठेवावे. सहकाऱ्याला जामीन राहताना दोनदा विचार करावा; त्याने हप्ते थकविले तर जामीनदाराच्या पतीलाही धक्का बसतो. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुणांक घटत नाही, तेव्हा ती भीती बाळगण्याचे कारण नाही.

परंतु सारी जबाबदारी कर्जदारावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. गुणांकाचे नेमके गणित कंपन्या उघड करीत नाहीत. बँकेच्या चुकीने थकबाकीदार ठरलेल्या माणसालाच ती चूक शोधावी लागते. शिवाय हा आकडा नियमितपणा मोजतो, आणि नियमितपणा ही बऱ्याच अंशी मासिक वेतनाची देणगी असते. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून, त्याचा चुकलेला हप्ता अप्रामाणिकपणाचा पुरावा ठरत नाही. पीककर्जासाठी ‘सिबिल’ची अट घालू नये, असे महाराष्ट्र शासनाला बँकांना वारंवार सांगावे लागले, त्याचे मूळ येथे आहे.

नियमांत काही सुधारणा झाल्या आहेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दुरुस्तीची तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरवड्यास माहिती अद्ययावत करणेही बंधनकारक झाले. या तरतुदींचा लाभ मात्र मागणाऱ्यालाच मिळतो. कर्जाच्या गरजेच्या वेळी अहवाल पाहून हळहळण्यापेक्षा दरवर्षी तो मागवून तपासण्याची सवय लागली पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यांना वही वाचण्याची सोय नव्हती. आजच्या सुशिक्षित ऋणकोला ती आहे, आणि तिचा उपयोग न करणे हे त्याच्याच अहिताचे ठरेल.