माईकचा आवाज फाटतो? आधी दोष शोधा, मग पैसे खर्च करा



एरवी या सदरात आपण कीड, खत आणि पाण्याविषयी बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे. मोबाइलवर मित्रांबरोबर खेळताना मुलांचा आवाज पलीकडे फाटका, घोगरा किंवा तुटक का जातो, ते आज पाहू. "साहेबांना झाले तरी काय?" असे म्हणून पान उलटू नका. या दोषापायी घरात अबोला धरला जातो, हातचे पैसे जातात, आणि हाच दोष शेतीच्या कामातही आडवा येतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात कळंब तालुक्यातील एका गावी सोयाबीनची पाहणी करण्यास गेलो होतो. पाहणी आटोपून ओसरीवर चहा घेत असता घरधनी म्हणाले, "साहेब, पिकाचं कळलं. आता ह्या पोराला जरा समजावून सांगा."

मुलगा बारावी झालेला. गावातले दोन मित्र आणि पुण्याला कामाला गेलेला चुलतभाऊ, असे चौघे रात्री तासभर मोबाइलवर खेळतात. खेळताना एकमेकांशी बोलावे लागते, त्याशिवाय डाव जमत नाही. महिनाभरापासून याचा आवाज पलीकडे असा फाटत होता, की सोबती म्हणू लागले, "तू माईक बंदच ठेव." मुलाने बाराशे रुपयांचा नवा हेडफोन आणला. फरक पडला नाही. दुकानदाराने अडीच हजारांचा घ्यायला सांगितले. अडीच हजार म्हणजे सुमारे अर्धा क्विंटल सोयाबीन. वडील म्हणाले, खेळच बंद कर. मुलगा तीन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता.

मी मुलाला विचारले, "सोयाबीन पिवळे पडले तर आपण लगेच युरिया टाकतो का?"

"नाही काका. आधी बघावं लागतं, पाणी साचलंय का, लोह कमी पडलंय, का मोझॅक आलाय."

"मग माईकला तोच न्याय का लावला नाहीस?"

पान पिवळे दिसण्याची कारणे अनेक आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आवाजाचेही तसेच आहे. "आवाज खराब आहे" एवढ्यावर कोणतीही वस्तू विकत घेऊ नये. आधी दोष कोठे आहे ते ठरवावे.

पहिली पाहणी: आवाज ध्वनिमुद्रित करा

प्रत्येक मोबाइलमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय असते. खेळ बंद करा. हेडफोन लावून, खेळताना बसतो तसेच बसून, एक ते वीस आकडे मोठ्याने म्हणा आणि ऐका. मग हेडफोन काढून नुसत्या मोबाइलवर तेच पुन्हा करा. या दोन मिनिटांच्या कामातून तीन गोष्टी कळतात.

दोन्ही वेळा आवाज स्वच्छ आला, तर माईक चांगला आहे. दोष खेळाच्या सेटिंगमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शोधावा. फक्त हेडफोन लावल्यावर बिघडला, तर दोष हेडफोन, त्याची पिन किंवा तो धरण्याची पद्धत यांत आहे. दोन्ही वेळा बिघडला, तर मोबाइलकडे पाहावे.

आता बिघाडाचे प्रकार पाहू.

१) फाटका आवाज

बांधाच्या उंचीपर्यंतच पाणी शेतात राहते. त्यावर आले की बांधावरून वाहून जाते. माईकची ताकदही अशीच मर्यादित असते. तोंड अगदी जवळ असले किंवा माईकचा आवाज पूर्ण चढवलेला असला, म्हणजे आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात. एकदा कापलेला भाग परत येत नाही. ऐकणाऱ्याने आपल्याकडचा आवाज कमी केला तरी त्याला फाटकेच ऐकू येते.

यावर उपाय फुकटचा आहे. माईक ओठांपासून चार बोटे दूर, थोडा खाली किंवा बाजूला ठेवावा. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना तोंडची हवा त्यावर आदळते. खेळाच्या सेटिंगमधील माईकची पट्टी निम्म्यावर आणावी आणि तेथून गरजेप्रमाणे हळूहळू वाढवावी. संगणकावर खेळणाऱ्यांनी माईकच्या सेटिंगमध्ये 'बूस्ट' नावाची पट्टी पाहावी. ती २० डेसिबलवर असली, तर माईकची लाट दहापट मोठी केली जाते. ती शून्यावर आणावी. आवाज फारच बारीक वाटला तरच १० वर न्यावी.

२) घरघर आणि खरखर

हे दोन आवाज वेगवेगळे आहेत. सतत एका सुरात घरघर येत असेल, तर संशय विजेवर घ्यावा. चार्जर काढून बोलून पाहा. घरघर थांबली तर चार्जर हलका आहे किंवा घराचे अर्थिंग नीट नाही. अर्थिंगचा प्रश्न आवाजापुरता राहत नाही. तो जिवाशी येतो, म्हणून जाणत्या वायरमनकडून ते तपासून घ्यावे. खेळताना मोबाइल चार्जिंगला लावू नये, हे तर चांगलेच.

वायर हलवली की खरखर होत असेल, तर पिन सैल आहे, वायर आतून तुटली आहे किंवा छिद्रात कचरा आहे. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत धूळ आणि भुसा कोठेही जातो. मोबाइल बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करावे. टाचणी, पाणी, तेल यांपैकी काही वापरू नये. माईकच्या छिद्रात टाचणी घातली तर आतील नाजूक पडदा फाटतो आणि मग मात्र खरोखरच खर्च येतो.

पिनेवरची काळी वर्तुळेही मोजावीत. तीन असली तर त्या हेडफोनला माईकची सोय असते. दोनच असली तर ती फक्त ऐकण्यासाठी आहे. संगणकाला ऐकण्याचे आणि बोलण्याचे छिद्र वेगवेगळे असेल, तर तीन वर्तुळांच्या पिनेला एकाचे दोन फाटे करणारी जोडवायर लागते.

३) घोगरा, हौदातून आल्यासारखा आवाज

मोबाइलचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो. खेळताना मुले मोबाइल आडवा धरतात आणि तळहात नेमका त्या छिद्रावर येतो. हात जरा सरकवला की आवाज उघडतो. कधी कधी नवे कव्हर छिद्रावर बसलेले असते. तेही काढून पाहावे.

बिनवायरचा, म्हणजे ब्लूटूथचा हेडफोन असेल, तर कारण निराळे. माईक चालू होताच हा हेडफोन बहुधा फोनवर बोलण्याच्या अरुंद वाटेने आवाज पाठवू लागतो. जुन्या पद्धतीत त्या वाटेने सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुनेच जातात. त्यामुळे बोलणे आणि ऐकणे दोन्ही जुन्या टेलिफोनसारखे होते. अशा वेळी साधा वायरचा हेडफोन सरस ठरतो.

आणखी एक कारण म्हणजे गोंगाट कमी करणारी सोय. ती मोबाइल, हेडफोन आणि खेळ अशा तिन्ही ठिकाणी एकदम चालू असली, तर गोंगाटाबरोबर बोलणेही गिळते. एकच चालू ठेवावी. पंखा आणि टीव्ही बंद केला तर त्याहून उत्तम.

४) तुटक, यंत्र बोलल्यासारखा आवाज

हा दोष बहुधा नेटवर्कचा असतो. आपले बोलणे छोटी छोटी पाकिटे करून पाठवले जाते. साधारणपणे एका सेकंदाच्या बोलण्याची पन्नास पाकिटे होतात. काही हरवली, काही उशिरा पोहोचली, की शब्द तुटतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. बोलण्याला फार मोठा वेग लागत नाही. सेकंदाला ६४ किलोबिट धरले तरी तासाला २९ एमबीपेक्षा कमी डेटा लागतो. वेगापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा. ठिबकच्या नळीतून थेंब थोडाच पडावा, पण सतत पडावा, तसेच हे आहे. म्हणून खेळताना दुसरे डाउनलोड, अपडेट आणि हॉटस्पॉट बंद ठेवावेत. पत्र्याच्या खोलीत बसण्याऐवजी खिडकीजवळ किंवा अंगणात बसावे. ५जी ये-जा करत असेल तर मोबाइल ४जीवर ठेवून पाहावे. या दोषावर नवा हेडफोन घेणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोटार बदलणे होय.

शेवटी एक नियम ध्यानात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये बियाणे, खत आणि औषध सगळे एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

त्या मुलाचे काय झाले?

आम्ही ओसरीवरच पाहणी केली. नुसत्या मोबाइलवर आवाज स्वच्छ आला. हेडफोनचा माईक त्याने नेहमीप्रमाणे ओठांना लावून धरला, तेव्हा फाटला. चार बोटे खाली धरला, तर स्वच्छ झाला. मग खेळातील माईकची पट्टी पाहिली. ती शेवटच्या टोकाला होती. पत्र्यावर पावसाचा आवाज होतो, म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच ती चढवली होती आणि विसरून गेला होता. पट्टी निम्म्यावर आणली. पुण्याच्या भावाला खेळात बोलावले. तो म्हणाला, "आता कसं नीट ऐकू यायलंय!" आणि लगेच विचारले, "पाऊस झाला का रे? आज्जी कशी हाय?"

वडील शेजारीच होते. पोरे रात्री नुसता गोळीबार करीत नाहीत, घरची खबरही घेतात, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. आधीचे बाराशे रुपये मात्र वायाच गेले होते.

त्यांनाही एक गोष्ट आठवली. जुलैमध्ये त्यांनी मोबाइलवरून शेतीच्या एका ऑनलाइन बैठकीत प्रश्न विचारला होता. सोयाबीनच्या खोडावर दोन खापा दिसतात आणि वरचा शेंडा सुकतो, असे ते सांगत होते. ही चक्रीभुंग्याची खूण. पण आवाज तुटत होता. पलीकडच्या तज्ज्ञांना "शेंडा सुकतो" एवढेच ऐकू आले आणि सल्ला भलताच मिळाला. खरे कारण कळेपर्यंत आठवडा गेला आणि कीड पसरली. मुलाच्या खेळातला दोष आणि बापाच्या बैठकीतला दोष, दोन्ही पाच मिनिटांच्या पाहणीने सापडण्यासारखे होते. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोलावयाचे असो वा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर, आधी जागा आणि नेटवर्क पाहावे. लक्षणे सावकाश सांगावीत, आणि पलीकडच्याला काय ऐकू आले ते एकदा विचारून घ्यावे.

पालकांसाठी दोन शब्द

खेळ सरसकट वाईट नाहीत, पण त्यांना वेळेची मर्यादा हवी. उशिरा झोपणारे पोर सकाळी कामाला आणि अभ्यासाला निकामी होते. अनोळखी माणसाला बोलता बोलता नाव, गाव, ओटीपी सांगू नये. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे. तशा खेळाचे आमिष कोणी दाखवले तर पोराला रागावण्याआधी त्याच्याशी बोला. पोरगे बोलते राहिले तरच असल्या गोष्टी वेळेवर कळतात.

आपल्या घरी असा दोष असेल तर आज रात्री पाहणी करून पाहा. काय आढळले ते या पत्त्यावर अवश्य कळवा. पुढील अंकी हरभऱ्याच्या मर रोगाविषयी बोलू.